नाव घातलेला डबा

श्रीकृष्णरावांची स्कूटर फाटकातून आत आली तेव्हा मागच्या सीटवर एक खुर्ची उलटी बांधलेली होती, चारी पाय वर करून. माधुरीने ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली आणि हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. आधी भांडण, मग पोळ्या, असं तिने ठरवूनच टाकलं.

"आणलीत?"

"अगं, एकच पाय हलतोय," श्रीकृष्णराव दोरी सोडत म्हणाले. "बाकी शिसवी आहे. हात लावून बघ तरी."

"मला नाही हात लावायचा. या घरात माणसं किती?"

"दोन."

"आणि खुर्च्या?"

श्रीकृष्णराव दोरीच्या गाठीत गुंतले, कारण खुर्च्या अकरा होत्या. शिवाय मागच्या पडवीत तीन मिक्सर, दोन इस्त्र्या, एक पाळणा आणि सतार नसलेली सतारीची पेटी होती. पडवीतून अंगणात जायचं तर अंग चोरून जावं लागे, आणि माधुरीचं अंग आता चोरण्यासारखं राहिलेलं नव्हतं.

रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून ते निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली होती. झाशीच्या सीपरी बाजारातली बाकीची निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात आणि येताना दूध आणतात, फार तर जिलेबी. हे येताना कुणीतरी टाकलेला प्रेशर कुकर घेऊन यायचे. कचऱ्याची गाडी यायच्या आधी कुठल्या गल्लीच्या तोंडाशी लोक काय ठेवून जातात, हे त्यांना पाठ झालं होतं. वस्तू आणायची, धुवायची, उघडायची, चालती करायची आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकायची, हा त्यांचा उद्योग. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा पंखा त्यांचा, समोरच्या इमारतीच्या वॉचमनची खाट त्यांची. पण एक वस्तू बाहेर गेली की दोन आत येत, आणि त्यांच्यावरची धूळ पुसायची माधुरीने.

"लोक टाकतात ते भंगारच असतं," ती म्हणायची. "चांगली वस्तू कोण टाकेल? सगळी झाशी वेडी आणि तुम्ही तेवढे शहाणे?"

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात बोललं जातं आणि ऐकायला ते बिनचूक वाटतं. माधुरीला तर ते इतकं बिनचूक वाटायचं की त्याचा विचार करायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

त्या शुक्रवारी तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. दुर्गा तीन दिवस कामावर आली नव्हती. दुर्गा सहा वर्षं तिच्याकडे भांडी-फरशी करत होती. दुर्गाची एकूण घरं चार, चारही मराठी मंडळींची, आणि चारही माधुरीनेच लावून दिलेली. एक स्वतःचं. दुसरं मयुराचं, म्हणजे तिच्या भाचीचं. बहीण गेल्यावर मयुराचं लग्न माधुरीनेच करून दिलं होतं आणि ती आता दोन गल्ल्या सोडून एका फ्लॅटमध्ये राहत होती. तिसरं अनुसूयाबाईंचं, ज्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. चौथं अनुसूयाबाईंच्या शेजारचं. माधुरी स्वतः मंडळाची चिटणीस होती. झाशीत मराठी घरं तशी मोजकीच, त्यामुळे एका घरातली शिंक चाळीस घरांत ऐकू जाई, आणि ती ऐकवायचं काम चिटणीसबाईंकडे असे.

शुक्रवार म्हणून ती लक्ष्मी ताल या तळ्याकाठी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली. दुर्गाची खोली तिथून जवळच. तापाबिपाने पडली असेल तर विचारपूस करावी आणि नसेल तर झापावं, असे दोन्ही हेतू मनात धरून ती त्या बोळात शिरली.

दुर्गाला खरोखरच ताप होता. तरीही ती उठली.

"बैठो भाभीजी, चाय धर रई हूँ."

"रहने दे, लेट जा," माधुरी म्हणाली. खोली एवढीशी होती, पण लख्ख. फळीवर भांडी ओळीने लावलेली होती. त्यांत एक कडीचा स्टीलचा डबा होता, चांगला पाच किलो पीठ मावेल असा, घासून चकचकीत केलेला. माधुरीची नजर त्याच्यावर गेली ती तिथेच राहिली. झाकणाखाली अक्षरं होती आणि ती तिच्या ओळखीची होती.

'चि. सौ. कां. मयुरा हिस सप्रेम. माधुरी मावशी.'

आपल्या घरांतून लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालायची रीत आहे. कुणी दिलं, कुणाला दिलं, हे पुढच्या पिढीलाही वाचता यावं म्हणून. महाराष्ट्रात ही रीत आता मागे पडत चालली म्हणतात. पण झाशीत आलेल्या आपल्या पूर्वजांनी तलवारी खाली ठेवल्या तरी भांड्यांवरची नावं सोडली नाहीत, आणि माधुरीला तर या रीतीचा फार अभिमान. मयुराच्या लग्नात तिने दुकानात अर्धा दिवस उभं राहून, एकेक अक्षर सांगून हे नाव घालून घेतलं होतं.

"ये डब्बा कहाँ से आया?"

"जे? मिलो हतो, भाभीजी," दुर्गा सहज म्हणाली. "मयुरा दीदी की गली में, जहाँ कचरे की गाडी रुकत है, उतै धरो हतो. हमने पूछी, काए, किसको है? कोऊ नईं बोलो. तो उठा लाए."

"कचरे में? ये डब्बा?"

"हओ."

"पागल समझती है मुझे? इतना बढिया डब्बा कौन फेंकेगा?"

"अब जे तो हम का जानें," दुर्गा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की विचारणं वेगळं आहे. तिचा चेहरा उतरला. "भाभीजी, हम पढे नईं हैं. जा पे का लिखो है?"

"जिसका डब्बा है उसका नाम लिखा है."

दुर्गाने डबा फळीवरून खाली काढला. मग तिने डब्यातलं पीठ एका परातीत ओतलं, डबा फडक्याने आतून पुसला आणि माधुरीपुढे धरला.

"ले जाओ. पर चोर मत कहो."

माधुरीने डबा घेतला. बोळाच्या तोंडाशी येऊन तिने मयुराला फोन लावला.

"मयुरा, तुझा कडीचा डबा घरात आहे का गं? मी दिलेला?"

"डब्बा? हो, असेल ना मावशी. किचनमध्येच असेल."

"असेल नको. उठ आणि बघ."

एखाद-दोन भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग मयुरा म्हणाली, "नाही दिसत गं. पता नहीं कुठे गेला."

"मला माहीत आहे कुठे गेला," माधुरी म्हणाली आणि फोन ठेवला.

ऑटोत बसल्या बसल्या तिने मंडळाच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. "सख्यांनो, दुर्गापासून सावध. मयुराकडचा नाव घातलेला डबा आज मी स्वतः तिच्या घरातून आणला. विचारलं तर म्हणते कचऱ्यात मिळाला. आपापली भांडी मोजून घ्या." खंडेराव गेटपाशी ऑटो गर्दीत अडकला होता तेवढ्या वेळात एकोणीस जणींनी तो संदेश ऐकला. घरी पोचेपर्यंत अनुसूयाबाईंच्या शेजारणीने दुर्गाला फोनवर कामावरून काढलं होतं. मयुराने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. अनुसूयाबाईंनी फक्त 'बघू' असं लिहिलं.

संध्याकाळी माधुरी स्वतः भांडी घासत होती आणि प्रत्येक भांड्यागणिक तिचा संताप वाढत होता. सहा वर्षं! दिवाळीला साडी, तापाला गोळ्या, पोरीच्या शाळेला दप्तर. विश्वास टाकावा तरी कुणावर?

श्रीकृष्णराव पडवीत बसून खुर्चीच्या पायाला पाचर ठोकत होते. सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली.

"दुर्गा काय म्हणाली?"

"कचऱ्यात मिळाला म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा."

"मग मिळाला असेल."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? चांगला डबा कोण टाकेल?"

श्रीकृष्णरावांनी हातोडी खाली ठेवली. "माधुरी, तू रोज म्हणतेस की लोक टाकतात ते भंगार असतं. आज म्हणतेस हा डबा चांगला आहे, म्हणजे कुणी टाकलेला असूच शकत नाही. हे तू कशावरून ठरवलंस? कधी जाऊन बघितलंयस?"

"मला नाही बघायचं. तुम्ही आणता तेवढं पुरे आहे."

"आणतो त्यातलंही तू कधी बघत नाहीस," ते म्हणाले आणि उठले. पाळण्याच्या मागून त्यांनी एक गोणपाट ओढून काढलं आणि त्यातली भांडी एकेक करून तिच्यासमोर ओट्यावर मांडायला सुरुवात केली. एक पितळी तांब्या. एक स्टीलची बादली, झाकणासकट. एक पोह्यांचा मोठा डबा. सगळी धुतलेली, सगळी शाबूत, आणि सगळ्यांवर नावं. माधुरी नकळत वाचत गेली. तांब्यावर कुणा आजोबांनी नातवाला मुंजीत आशीर्वाद दिले होते. बादलीवर एका वन्संनी दिवाळसणाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्यांतली दोन घरं तर तिच्या ग्रुपवरचीच होती.

"हे सगळं कुठून?"

"दुर्गाला डबा जिथून मिळाला तिथूनच. गल्लीच्या तोंडावरून. आता ही बघ."

शेवटची एक परात होती, जाड काठाची. काठावर लिहिलं होतं: 'सौ. माधुरी हिस वास्तुशांतीप्रीत्यर्थ. अनुसूया.'

माधुरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत टाकलीस," श्रीकृष्णराव आवाज न चढवता म्हणाले. "वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत, वर मेथीची देठं. मी पिशवी उचलली तेव्हा जड लागली म्हणून उघडली. तुला काही बोललो नाही. म्हटलं, उगीच लाजशील."

"जड होती," माधुरी म्हणाली. "काठ बोटांना लागायचा. आणि घरात आधीच दोन पराती आहेत."

"नको असलेली वस्तू नको असते, त्यात गुन्हा काही नाही. पण मग दुर्गाला का नाही दिलीस? तिची परात तेव्हाच फुटली होती. तुझ्यासमोरच बोलली होती."

"कशी देणार? दुर्गा अनुसूयाबाईंकडे जाते ना. ती बोलून गेली असती. नाहीतर त्यांनीच कधी तिच्याकडे बघितली असती. नाव आहे हो त्याच्यावर."

हे वाक्य बोलून झालं आणि ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"तेच सांगतोय," श्रीकृष्णराव म्हणाले. "बिननावाची वस्तू माणूस हसत कुणालाही देतो. नावाची वस्तू देता येत नाही, भंगारवाल्याला विकता येत नाही, आणि ठेवायला फडताळात जागा नसते. मग ती टाकतात, आणि तीसुद्धा लपवून. चार वर्षांत मला सगळ्यात चांगली भांडी मिळाली ती नावाचीच. तू त्या डब्यावर नाव कशाला घातलंस?"

"आठवण राहावी म्हणून."

"आणि राहिली ती काय? धाक."

माधुरी परातीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला तीन उत्तरं तयार असत. श्रीकृष्णरावांचा आवाज आता थोडा चढला, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन हे तिने फार तर दोनदा ऐकलं होतं.

"आणखी एक सांगतो. मी रोज स्कूटरवरून दिवसाढवळ्या लोकांच्या वस्तू उचलून आणतो. या परातीवर तुझं नाव होतं, तांब्यावर दुसऱ्या कुणाच्या नातवाचं. आजवर मला कुणी विचारलं का, की श्रीकृष्णराव, कुठून चोरलंत? मी उचललं तर तो माझा छंद. फार तर तुम्ही मला येडा म्हणता. तिने उचललं तर ती चोर! हा कुठला न्याय झाला?"

माधुरीने ओला हात पदराला पुसला, चपला घातल्या, डबा उचलला आणि ती निघाली.

मयुराने दार उघडलं आणि मावशीच्या हातातला डबा पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. विचारायची गरज उरली नव्हती, तरी माधुरीने विचारलं.

"तू टाकलास?"

"मावशी, आत ये ना. प्लीज."

"इथेच सांग."

"लग्नात नऊ डबे आले होते गं," मयुरा हळूच म्हणाली. "सगळे एकसारखे. आमचं किचन तू पाहिलंयस, एक माणूस उभा राहिला तर दुसरा बाहेर. बाकीचे सासूबाईंनी गावी नेले. हा ठेवला, कारण तू दर वेळी आलीस की विचारायचीस. मग गॅसच्या पाइपलाइनसाठी ओटा तोडला, तेव्हा जागाच उरली नाही."

"मग मला सांगायचं होतंस. परत द्यायचा होतास."

"तुला?" मयुरा जवळजवळ हसली. "मावशी, तुझ्या वाढदिवसाला मी साडीऐवजी ड्रेसपीस दिला, तर तू पूरे चार महिने बोलली नाहीस. डब्बा परत आणला असता तर तू मला घरात घेतलं असतंस?"

हे खरं होतं. माधुरीला त्याचा भयंकर राग आला, आणि राग काढायला समोर कुणी सापडेना. "मग दुर्गाला द्यायचास."

"ती तुझ्याकडेही येते. भंगारवाला तुझ्याच गल्लीतून फिरतो. मी सकाळी गाडी यायच्या आधी गेले आणि भिंतीशी ठेवून आले. म्हटलं, कुणी घेईल. कुणी अनजान."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

मयुराने मान खाली घातली. "तेव्हा घाबरले. मला वाटलं तू फक्त डब्याचं विचारतेयस. दुर्गाचं नाव ग्रुपवर आलं तेव्हा कळलं. दुपारपासून चार वेळा लिहिलं आणि पुसलं. काय लिहू, समजत नव्हतं. दुर्गा दीदी आपल्या कामाला परत येईल ना, मावशी?"

"तू दुपारभर गप्प बसलीस, तेवढ्यात तिचं एक घर गेलं," माधुरी म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण काळ्या पिशवीतली मेथीची देठं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. भाचीने केलं ते तिने कुणाकडून शिकलं, हे कुणी सांगायला नको होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि ते ज्याला सापडेल त्याला चोर म्हणायचं! आपण चिटणीसबाई आहोत की कोण आहोत, असा तिला स्वतःचाच वैताग आला.

तिने तिथेच दारात उभं राहून फोन काढला.

"सख्यांनो, दुपारी मी जे बोलले ते चूक होतं," ती म्हणाली. मग ते पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "दुर्गाने चोरी केलेली नाही. डबा आमच्याच घरच्यांनी कचऱ्याशी ठेवला होता. कुणी, ते महत्त्वाचं नाही, कारण मीही तेच केलंय. अनुसूयाबाई, तुम्ही वास्तुशांतीला दिलेली परात मी दिवाळीत टाकली. श्रीकृष्णरावांनी ती उचलून परत आणली. तुमची आणि दुर्गाची, दोघींची मी माफी मागते. दुर्गाची माफी तिच्या घरी जाऊन मागणार आहे."

पाठवलं आणि तिने फोन उलटा धरला. लगेचच तो वाजला. अनुसूयाबाई होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत.

"माधुरी, ती परात ना? जाड काठाची?"

"हो. मला फार लाज वाटते हो, अनुसूयाबाई."

"लाज कसली बाई? मलाही ती कुणीतरी दिलेली होती. काठ बोटांना लागायचा, म्हणून तर नाव घालून तुझ्या गळ्यात मारली." त्या खळखळून हसल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या. "परातीचं सोड. बाईमाणसाला चोर म्हटलंस ते वाईट झालं. मी 'बघू' लिहिलं, तेही वाईटच. मला माहीत होतं दुर्गा तशी नाही, तरी मी 'नाही' असं लिहिलं नाही. उद्या माझ्याही वतीने सांग तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरी आणि मयुरा दोघी लक्ष्मी तालाच्या त्या बोळात गेल्या. श्रीकृष्णराव स्कूटरवरून मागून आले. दुर्गाचा ताप उतरला होता. ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. शेजारपाजारच्या बाया आपापल्या उंबऱ्यात आल्या, कारण काल हीच भाभीजी डबा घेऊन गेलेली त्यांनी पाहिली होती. माधुरीला वाटलं, आत जाऊन बोलावं. मग तिला वाटलं, काल आपण आळ घेतला तो सगळ्या ग्रुपला ऐकवला होता.

"दुर्गा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तूने सच कहा था. डब्बा कचरे में ही रखा था. मैंने बिना जाँचे तुझे चोर कहा. गलती मेरी है. मुझे माफ कर दे."

"हमारी भी गलती है, दीदी," मयुरा म्हणाली. "हमने ही रखा था. और हम चुप रहे."

दुर्गा तांदूळ निवडतच राहिली. एक खडा तिने बाजूला टाकला.

"कल से मोहल्ले की औरतें पूछ रईं," ती शेवटी म्हणाली. "लडकी स्कूल नईं गई आज. कहत है, सब चोर की मोडी, चोर की लडकी कहेंगे." मग तिने वर पाहिलं. "काम पे आऊंगी, भाभीजी. छह साल को घर है. पर आप लोग एक बार पूछ लेते, हमाए घर आ के नईं, पेले अपने घर में पूछ लेते."

माधुरीने डबा पुढे केला. "ये तेरा है. रख ले."

"नईं चइए."

"अब तो मैं खुद दे रही हूँ."

"आप दे रईं. कल को कोऊ और आ के पढ लेगो," दुर्गा म्हणाली. "किस किस को बताऊंगी? जा पे हमाओ नाम नईं है. जौ नाम मिटा दो, तब लेंगे."

श्रीकृष्णरावांना जणू हे ठाऊकच होतं. त्यांनी स्कूटरच्या डिकीतून पॉलिश पेपरचे तीन तुकडे काढले, खरबरीतपासून मऊपर्यंत, आणि खाली बसून डबा मांडीवर घेतला. माधुरीने तो त्यांच्याकडून काढून घेतला.

"तुझंही नाव जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे. कसं घासायचं ते सांगा."

"एकाच दिशेने घास. गोल फिरवू नको."

भांड्यावर नाव घालायला फार वेळ लागत नाही, पण काढायला लागतो. माधुरी त्या बोळात दगडावर बसून घासत राहिली. मयुरा पाणी घालत होती. आधी 'सप्रेम' गेलं, मग 'मयुरा'. हात भरून आले, बांगड्या वर सारल्या, घाम आला. शेजारच्या एका बाईने न मागता तिला पाण्याचा पेला आणून दिला. शेवटी 'माधुरी मावशी' एवढंच राहिलं आणि तेही पुसट होत गेलं. मऊ पेपर फिरवल्यावर तिथे थोडा फिका पट्टा उरला, एवढंच.

दुर्गाने डबा घेतला, उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला, आत नेला आणि परातीतलं पीठ त्यात भरलं.

सोमवारपासून ती कामावर आली. तीन घरं टिकली. चौथ्या, अनुसूयाबाईंच्या शेजारच्या घरी मात्र शनिवारीच दुसरी बाई लागली होती. माधुरीने तिथे दोनदा फोन केला, एकदा स्वतः गेली, पण त्या म्हणाल्या, आता लावलेल्या बाईला कसं काढू? तेही खरंच होतं. त्या घराच्या जागी दुसरं घर शोधायला माधुरीला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात दुर्गा समोर आली की माधुरीची नजर खाली जाई.

आता महिन्यातून एका रविवारी माधुरीच्या फाटकाबाहेर बाकडं मांडलेलं असतं. ज्याला जे नको असेल ते त्याने तिथे आणून ठेवावं आणि ज्याला हवं त्याने न्यावं, कुणी कुणाला विचारायचं नाही. नाव असेल तर श्रीकृष्णराव ते तिथेच काढून देतात. मंडळात भांडी अजूनही दिली जातात, पण नाव घालायच्या आधी माधुरी हटकून विचारते, "तिला नको झालं तर ती कुणाला देणार?" खुर्च्या अजून नऊ आहेत आणि त्यावरून भांडणंही होतात. मात्र 'भंगार' हा शब्द ती आता जपून वापरते.

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा डबा असेल, एखादी परात असेल. नको असेल तर उघडपणे द्या, हातात द्या, आणि आपण दिलेलं कुणाला नको झालं तर मनाला लावून घेऊ नका. आणि दुसऱ्याने टाकलेली चांगली वस्तू गरीब माणसाच्या घरात दिसली, तर आधी आपल्या घरातली कचऱ्याची पिशवी उघडून बघा. टाकलेलं भांडं कुणीतरी उचलतं, धुतं, वापरात आणतं. माणसावर टाकलेला आळ मात्र ज्याने टाकला त्यालाच खाली बसून घासावा लागतो, आणि तरीही तो सगळा निघतोच असं नाही.